लालबागच्या जुन्या सोसायटीतला वन बीएचके: घराची किंमत किती, पुनर्विकासाच्या आशेची किती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. लालबागमध्ये १९८४ साली बांधलेल्या, तळमजला अधिक चार मजल्यांच्या आणि लिफ्ट नसलेल्या एका सोसायटीत, आतल्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावरचा ३८० चौरस फूट कार्पेटचा, म्हणजे भिंतींच्या आतल्या वापराच्या जागेचा, वन बीएचके विक्रीला आहे आणि विक्रेता त्याचे १ कोटी २० लाख रुपये मागतो आहे. जवळच, हमरस्त्याला लागून असलेल्या तेवढ्याच जुन्या दुसऱ्या सोसायटीत तेवढाच फ्लॅट ९८ लाखांना मिळतो आहे. पहिला महाग का, तर ‘रिडेव्हलपमेंट फायनल झाली आहे’ असे एजंटचे म्हणणे आहे. घर विक्रेत्याच्या दिवंगत वडिलांच्या नावावर होते आणि विक्रेता नॉमिनी आहे. आपण उभयता सध्या डोंबिवलीत भाड्याने राहता, दोघांच्याही नोकऱ्या परळ-दादर पट्ट्यात आहेत आणि घरासाठी कर्ज काढावे लागणार आहे. एवढी किंमत योग्य आहे का, असे आपण विचारले आहे.

गृहनिर्माण संस्थांमधील हस्तांतरणे आणि मालकीहक्काची तपासणी हे माझे रोजचे काम असल्यामुळे मी हा प्रश्न जरा वेगळ्या बाजूने मांडतो. दोन्ही फ्लॅटचे वय आणि क्षेत्रफळ सारखेच असेल, तर मधल्या २२ लाखांत आपल्याला एकही वीट जास्त मिळत नाही. ती रक्कम केवळ भविष्यातल्या एका शक्यतेची आहे. म्हणून ‘१ कोटी २० लाख योग्य का’ यापेक्षा ‘ही २२ लाखांची शक्यता आज कागदावर कुठवर आली आहे’ हा आपला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एजंटच्या तोंडून मिळणार नाही, सोसायटीच्या दप्तरातून मिळेल.

काही गोष्टी मात्र आपल्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. त्या घरात आज आहे तसे सात-आठ वर्षे राहण्याची आपली तयारी आहे का, वयस्कर आई-वडील सोबत येणार असतील तर तीन जिने त्यांना झेपतील का, आणि पुनर्विकास खरोखर सुरू झाला तर संक्रमणकाळात भाड्याच्या घरात दोनदा बिऱ्हाड हलवण्याची मानसिक आणि आर्थिक ऐपत आहे का, हे आपणच जाणता. पुढचे सगळे विवेचन आपण तिथे स्वतः राहणार आहात असे धरून केले आहे. केवळ गुंतवणूक म्हणून घ्यायचे असेल तर माझे उत्तर बरेच आखडते राहील.

सर्वांत आधी ती खरोखर सहकारी गृहनिर्माण संस्था आहे का, याची खात्री करा. हे वाचून आपल्याला हसू येईल, पण गिरणगावात ‘सोसायटी’ हा शब्द फार ऐसपैस वापरला जातो. पागडीच्या चाळीतले भाडेकरू एकत्र येऊन ‘नियोजित संस्था’ स्थापन करतात, तिलाही सोसायटी म्हणतात. म्हाडाने पुनर्रचित केलेल्या इमारतीलाही सोसायटी म्हणतात. गिरणी कामगारांना सोडतीत मिळालेली घरे किंवा झोपडपट्टी पुनर्वसनातली घरेही त्याच नावाने बाजारात येतात, आणि त्यांच्या विक्रीवर ठरावीक मुदतीची बंधने असतात. पागडीच्या खोलीत आपल्याला मालकी मिळत नाही, भाडेकरूचा हक्क मिळतो. तिथे भाडेपावती नावावर करून घेण्यासाठी घरमालकाची संमती लागते आणि बँका अशा व्यवहाराला सहसा कर्ज देत नाहीत. १९८४ ची इमारत १९६९ नंतरची असल्यामुळे ती उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी म्हाडाचा उपकर लागू असलेली जुनी इमारत, नसणार. त्यामुळे पागडीची शक्यता कमी आहे, तरीही महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खालचे नोंदणी प्रमाणपत्र आणि त्यावरचा क्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

त्यानंतर जमिनीकडे वळा, कारण पुनर्विकासाची सारी गणिते तिथूनच सुरू होतात. महाराष्ट्र मालकी सदनिका कायदा, १९६३, म्हणजे बोलीभाषेतला मोफा, याखालच्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी झाल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन आणि इमारत संस्थेच्या नावे करून द्यायला हवी. प्रत्यक्षात मुंबईतल्या असंख्य संस्था अभिहस्तांतरण, म्हणजे कन्व्हेयन्स, न होता चाळीस चाळीस वर्षे चालल्या आहेत. २००८ च्या दुरुस्तीमुळे मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा, मार्ग खुला झाला आणि त्यासाठी जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, पण अर्ज केला म्हणून जमीन मिळाली असे होत नाही. मालमत्ता पत्रकावर, म्हणजे प्रॉपर्टी कार्डावर, संस्थेचे नाव आले आहे का, एवढे एकच पाहा. तिथे अजून मूळ जमीनमालकाचे किंवा बिल्डरचे नाव असेल, तर ‘फायनल’ हा शब्द कानाआड केलेला बरा. या भागात आणखी एक गोष्ट वारंवार आढळते. प्लेगच्या साथीनंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या ताब्यातल्या जमिनी १९३३ मध्ये महापालिकेकडे आल्या, त्यामुळे दक्षिण आणि मध्य मुंबईतल्या कित्येक इमारती भाडेपट्ट्याच्या जमिनीवर उभ्या आहेत. जमीन भाडेपट्ट्याची असेल तर मुदत केव्हा संपते, नूतनीकरण झाले आहे का, आणि फ्लॅट विकताना किंवा इमारत पाडताना पट्टेदात्याला काही अधिमूल्य द्यावे लागते का, हे विचारा. उत्तर कळेपर्यंत पैसे देऊ नका.

आता विक्रेत्याच्या हक्काबद्दल, कारण आपल्या प्रश्नात मला सर्वांत जास्त टोचलेला शब्द ‘नॉमिनी’ हा आहे. नामनिर्देशित व्यक्ती मालक होत नाही. ती इतर वारसांच्या वतीने तात्पुरती सांभाळ करणारी असते. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले, त्यातही नॉमिनीला तात्पुरते सदस्य असेच स्थान आहे. वडिलांच्या मागे आई, भाऊ, बहिणी कोण कोण आहेत, हे थेट विचारा. ‘बहिणींची लग्ने झाली आहेत, त्यांचे काही म्हणणे नाही’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की ते ऐकताच मी फाईल बाजूला ठेवतो. म्हणणे नसेल तर तसे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायला अडचण नसावी. ते झाल्याखेरीज, किंवा सर्व वारस करारावर विक्रेते म्हणून सही करणार असल्याखेरीज, पुढे जाऊ नका.

यासोबत भाग प्रमाणपत्र मागा, म्हणजे शेअर सर्टिफिकेट. जुन्या संस्थांमध्ये ते जाड कागदाचे, कोपरे झिजलेले असते. पुढच्या बाजूला पन्नास रुपयांचे पाच भाग, त्यांचे अनुक्रमांक आणि संस्थेची मोहोर असते. ती बाजू सगळे पाहतात. आपण ते उलटे करा. मागे हस्तांतरणांचा तक्ता असतो: तारीख, नव्या सदस्याचे नाव, नोंदवहीतला क्रमांक, आणि अध्यक्ष, सचिव व समिती सदस्यांच्या सह्या. वडिलांनी हे घर १९८४ मध्ये थेट बिल्डरकडून घेतले असेल तर मागची बाजू कोरी असायला हवी किंवा तिथे फक्त मुलाच्या नावाची नोंद असायला हवी. मध्येच एखादे अनोळखी नाव दिसले, तर त्या माणसाचा करारही साखळीत लागतो. मूळ करार जुना असल्यामुळे त्यावर जेमतेम पाच रुपयांचा स्टॅम्प दिसेल. त्याने घाबरून जाऊ नका. ताब्यासह होणाऱ्या सदनिका करारांना अभिहस्तांतरणासारखे मुद्रांक शुल्क १० डिसेंबर १९८५ पासून लागू झाले, त्यामुळे त्याआधीच्या अस्सल करारावर शुल्क कमी असणे स्वाभाविक आहे. त्यानंतरच्या प्रत्येक दस्तावर मात्र पुरेसे शुल्क आणि नोंदणी दोन्ही हवी.

क्षेत्रफळाबाबत एक बारकावा सांगतो, जो या व्यवहारात आपल्याला थेट पैशांत भोवू शकतो. १९८० च्या दशकातल्या वन बीएचकेला बहुधा बाल्कनी असे, आणि बहुतेकांनी ती कधीच हॉलमध्ये किंवा स्वयंपाकघरात घेतली आहे. हॉलच्या खिडकीखालची लादी वेगळ्या रंगाची आहे का, वर छताला तुळई आडवी आली आहे का, ते पाहा. त्या तुळईपर्यंत मूळ खोली होती. आज टेपने मोजून ३८० भरले, तरी महापालिकेने मंजूर केलेल्या नकाशात ते ३४० असू शकते, आणि बिल्डर पुनर्विकासात वाढीव टक्केवारी मोजतो ती मंजूर कार्पेटवर. ‘३५ टक्के जादा’ हा आकडा ३८० वर लावला तर ५१३ चौरस फूट होतात, ३४० वर लावला तर ४५९. या दोहोंत एका छोट्या खोलीचा फरक आहे. विक्रेता पहिला आकडा सांगतो, संस्थेने नेमलेला वास्तुविशारद दुसरा धरतो.

आता मुख्य मुद्दा. ‘फायनल’ म्हणजे काय? गृहनिर्माण संस्थांच्या पुनर्विकासासाठी राज्य शासनाने ४ जुलै २०१९ रोजी सहकार कायद्याच्या कलम ७९-अ खाली कार्यपद्धती ठरवून दिली आहे. न्यायालयांनी तिला बंधनकारक नव्हे तर मार्गदर्शक मानल्याचे निर्णय आहेत, तरीही प्रकल्प कुठे आहे हे ओळखायला तीच सर्वांत चांगली फूटपट्टी आहे. आधी विशेष सर्वसाधारण सभेत पुनर्विकास करायचा असा ठराव होतो. मग वास्तुविशारद किंवा प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार नेमला जातो आणि तो व्यवहार्यता अहवाल देतो. त्यानंतर निविदा निघतात, आणि निबंधकांच्या प्राधिकृत अधिकाऱ्याच्या उपस्थितीत, दोन तृतीयांश सदस्यांच्या गणपूर्तीच्या सभेत, एकूण सदस्यांपैकी किमान ५१ टक्क्यांच्या संमतीने विकासक निवडला जातो. पुढे विकास करारनामा नोंदवला जातो, प्रत्येक सदस्याशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार होतो, महापालिकेची मंजुरी येते, घरे रिकामी होतात, आणि मग कुठे बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र मिळून पाया खणला जातो. माझ्या अनुभवात बाजारात ज्याला ‘फायनल’ म्हणतात ते बहुतेकदा पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर असते, आणि पुष्कळदा तेवढेही नसते. एखाद्या बिल्डरने लेटरहेडवर ‘४० टक्के जादा, दरमहा भाडे आणि कॉर्पस’, म्हणजे वर एकरकमी पैसे, असा देकार पाठवलेला असतो, समितीतल्या कोणीतरी तो व्हॉट्सॲपवर फिरवलेला असतो, आणि त्या दिवसापासून इमारतीतल्या प्रत्येक घराची किंमत चढलेली असते.

हे तपासण्याचे खात्रीचे ठिकाण म्हणजे सर्वसाधारण सभांचे इतिवृत्त. मागच्या सात-आठ वर्षांची पाने सलग वाचली की संस्थेचा स्वभाव कळतो. मी पाहिलेल्या एका वहीत ‘पुनर्विकासाबाबत विचारविनिमय’ हा विषय दरवर्षी वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर शेवटून दुसरा असे, आणि खाली दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत नोंद असे: ‘सविस्तर चर्चा झाली. तळमजल्यावरील सभासदांनी हरकत नोंदविली. विषय पुढील सभेत घेण्याचे ठरले.’ हस्ताक्षर बदलत गेले, कारण सचिव बदलत गेले, पण नोंद बदलली नाही. तळमजल्यावर दुकाने असलेल्या इमारतीत ही हरकत नेहमीची आहे. रस्त्यावरचे दुकान सोडून दोन-तीन वर्षे धंदा बंद ठेवणे आणि परत येताना दर्शनी भागात जागा मिळेल की नाही ही धास्ती, यामुळे दुकानदार शेवटपर्यंत सही करत नाहीत. आपण पाहिलेल्या इमारतीत तळमजल्यावर काय आहे, हे आपण लिहिलेले नाही. ते पाहा.

समजा संस्थेत एकी आहे आणि जमीनही तिच्या नावावर आहे. तरी त्या भूखंडावर बिल्डरला परवडेल एवढे बांधता येते का, हा प्रश्न उरतो, आणि तो बहुतांशी समोरच्या रस्त्याची रुंदी ठरवते. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार मुंबई शहर विभागात मूळ चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधकाम करता येते तो आकडा, १.३३ आहे. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या भूखंडाचे हस्तांतरणीय विकासहक्क, विकत घेऊन मिळणाऱ्या वाढीव निर्देशांकाची दारे बहुतांशी बंद असतात, आणि रस्ता २७ मीटर किंवा अधिक रुंद असेल तर निर्देशांक ३ पर्यंत जातो. वर ३५ टक्के फंजिबल, म्हणजे निर्देशांकाखेरीज मिळणारे पूरक, क्षेत्र मिळते. तीस वर्षांहून जुन्या सोसायट्यांना याच नियमावलीच्या नियम ३३(७)(ब) खाली अस्तित्वातल्या बांधकामाच्या १५ टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १० चौरस मीटर, यांपैकी जे जास्त असेल तेवढे प्रोत्साहनपर क्षेत्रही मिळते. लहान घरांच्या इमारतीत हा दुसरा पर्याय जास्त भरतो, कारण १० चौरस मीटर म्हणजे सुमारे १०८ चौरस फूट, आणि आपल्या घराएवढ्या घराचे १५ टक्के त्याहून कमी होतात. ही वन बीएचकेवाल्यांची जमेची बाजू. उणी बाजू अशी की त्याच भूखंडावर घरे जास्त असली की सर्वांना जागा देऊन बिल्डरच्या हाती विकायला कमी उरते, आणि मग तो टक्केवारी कमी करतो, नाहीतर शेजारच्या इमारती सोबत येण्याची वाट पाहतो. समूह पुनर्विकासाला शहर विभागात किमान ४,००० चौरस मीटर क्षेत्र लागते. तेवढ्यासाठी चार-पाच इमारतींनी एकमत करणे म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

इथे मला आपल्याच पत्रातली एक गोष्ट रोचक वाटली. महाग फ्लॅट आतल्या गल्लीत आहे आणि ९८ लाखांचा फ्लॅट हमरस्त्याला लागून आहे. रस्त्याच्या रुंदीचा हिशोब लावला तर ज्या इमारतीत पुनर्विकासाची कुजबुजही नाही, तिचीच क्षमता जास्त असण्याचा बराच संभव आहे. महापालिकेकडून दोन्ही भूखंडांचे विकास आराखड्याचे अभिप्राय, म्हणजे डीपी रिमार्क्स, काढा. त्यात रस्त्याची रुंदी, रस्तारुंदीकरणात जाणारी जागा आणि एखादे आरक्षण असल्यास ते, हे सगळे लिहिलेले असते. त्यासाठी येणारा खर्च या व्यवहाराच्या मानाने अगदीच किरकोळ आहे.

बदलत्या वस्तीबद्दलही आपण दोन ओळी लिहिल्या आहेत, की ‘हा भाग वर जातो आहे, आज घेतले नाही तर कधीच परवडणार नाही’. भाग बदलला आहे, यात वाद नाही. १९८२ च्या संपानंतर गिरण्या थंडावल्या, १९९१ च्या नियमावलीने त्यांच्या जमिनी विकासाला खुल्या केल्या, २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाट्याला येणारी जमीन आक्रसली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली, तेव्हापासून परळ-लोअर परळची क्षितिजरेषा ओळखू येत नाही. २०२४ च्या जानेवारीत शिवडीहून अटल सेतू सुरू झाला, आणि भुयारी मेट्रो वरळी-दादर बाजूने धावू लागली. पण ही वाढ टॉवरच्या भावात जेवढी दिसते तेवढी लिफ्ट नसलेल्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावर उतरत नाही. माझ्या मते या पट्ट्यातल्या लहान घराला भरवशाचा आधार कॉर्पोरेट कार्यालयांपेक्षा रुग्णालयांचा आहे. केईएम, टाटा मेमोरियल आणि वाडिया इथे येणारे निवासी डॉक्टर, परिचारिका आणि महिनोन्महिने उपचार चालणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक यांना चालत जाण्याच्या अंतरावर भाड्याचे घर हवेच असते, बाजार पडला तरी हवे असते. उद्या आपल्याला बदलीमुळे घर भाड्याने द्यावे लागले तर हीच मागणी कामी येईल. तशा वेळी संस्था बिनभोगवटा शुल्क आकारेल, ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आणि जाता जाता, भाद्रपदातल्या त्या दहा-अकरा दिवसांत गल्लीत रिक्षा, रुग्णवाहिका किंवा आपली दुचाकी कशी येते-जाते, हे इमारतीतल्याच एखाद्या काकूंना विचारा. उत्सव कितीही प्रिय असला तरी रोज कामावर जाणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

पुनर्विकास होईपर्यंत जी इमारत आहे तीच आपले घर असणार, म्हणून तिची प्रकृती पाहणे आले. उपविधींनुसार, म्हणजे संस्थेच्या कारभाराच्या नियमांनुसार, १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण पाच वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरील इमारतीचे तीन वर्षांतून एकदा व्हायला हवे. शेवटचा अहवाल मागा. त्यात इमारतीची वर्गवारी सी-२ब किंवा सी-३ असेल तर दुरुस्तीने भागते, सी-२अ असेल तर दुरुस्ती मोठी आणि खर्चीक असते, आणि सी-१ असेल तर इमारत धोकादायक ठरून रिकामी करण्याची पाळी येते. परीक्षण झालेच नसेल तर जिन्याखालची मीटरची खोली, गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे खांब आणि वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघराचे छत पाहा. सळ्या फुगून प्लास्टर पोपडे धरून सुटले असेल, तर दुरुस्तीची वर्गणी दाराशी आलीच म्हणून समजा. संस्थेचा सिंकिंग फंड, म्हणजे मोठ्या कामांसाठीची राखीव पुंजी, आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या टक्केवारीवर ठरतो. १९८४ चा बांधकाम खर्च धरून वर्षाला पाव टक्का जमवलेल्या निधीत आज एक टाकीसुद्धा धड दुरुस्त होत नाही, त्यामुळे मोठे काम निघाले की प्रत्येक घरामागे वेगळी रक्कम मागितली जाते. विक्रेत्याची थकबाकीही पाहा. संस्था तिच्यावर व्याज लावू शकते, आणि नोंद बदलण्याच्या वेळी ती आपल्याकडेच मागितली जाते.

कर्जाकडे येऊ. बँक करारातली किंमत आणि तिच्या मूल्यनिर्धारकाने काढलेली किंमत यांपैकी जी कमी असेल ती धरते, आणि मूल्यनिर्धारक आशेला किंमत देत नाही. त्याने ९८ लाखांच्या आसपास मूल्य काढले, तर रिझर्व्ह बँकेच्या मर्यादांमुळे आपल्याला फार तर ७५ लाखांपर्यंत कर्ज मिळेल. म्हणजे १ कोटी २० लाखांच्या व्यवहारात ४५ लाख स्वतःचे, शिवाय ६ टक्के दराने ७ लाख २० हजार मुद्रांक शुल्क आणि ३० हजार नोंदणी शुल्क, असे साडेबावन्न लाख उभे करावे लागतील. ९८ लाखांच्या घराला हाच आकडा २९ लाख १८ हजारांच्या घरात येतो. वरचे २२ लाख सोने मोडून किंवा नातेवाइकांकडून आणले नाहीत आणि साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी दुसरीकडून कर्जाऊ घेतले, तर त्यांचाच हप्ता महिन्याला सुमारे १९,१०० रुपये बसतो, आणि पुनर्विकास रखडला तरी तो थांबत नाही. घर केवळ पत्नीच्या नावे घेतले तर मुद्रांक शुल्क एक टक्क्याने कमी होते. दोघांच्या संयुक्त नावावर ही सवलत मिळत नाही. किंमत ५० लाखांवर असल्याने एक टक्का टीडीएस कापून आपणच भरायचा आहे, हेही ध्यानात ठेवा. जुन्या इमारतींसाठी बँका संरचनात्मक अहवाल मागतात आणि मुदतही आखडती घेतात, म्हणून कर्जाचा लेखी होकार येईपर्यंत मोठी रक्कम देऊ नका.

सोसायटीच्या ना-हरकतीचा बाऊ करण्याचे कारण नाही. उपविधींप्रमाणे हस्तांतरणासाठी ती आवश्यकच नाही. विक्रेत्याने संस्थेला पंधरा दिवसांची पूर्वसूचना द्यायची असते. बँकेला मात्र ना-हरकत लागते, म्हणून मागावी लागते. शुल्क म्हणून ५०० रुपये हस्तांतरण फी, १०० रुपये प्रवेश फी आणि जास्तीत जास्त २५,००० रुपये अधिमूल्य, एवढेच घेता येते. विकासनिधी, देणगी असल्या नावांनी दोन-तीन लाख मागितले, तर २००१ च्या शासन परिपत्रकाचा नम्रपणे उल्लेख करावा. बहुतेक समित्या तिथेच थांबतात.

आता माझे मत. आतल्या गल्लीतल्या घरासाठी, आज हाती असलेल्या माहितीवर, मी ९८ लाख ते १ कोटी २ लाखांच्या वर जाणार नाही. विकास करारनामा नोंदलेला असेल, जमीन संस्थेच्या नावे असेल आणि महापालिकेची मंजुरी आली असेल, तर २२ लाखांपैकी बरीचशी रक्कम देणे रास्त ठरेल. त्या स्थितीत करारात एक कलम आवर्जून घाला, की यापुढे मिळणारे संक्रमण भाडे, कॉर्पस आणि वाढीव जागा या सगळ्यांवर खरेदीदाराचाच हक्क राहील, आणि विक्रेत्याने विकासकाकडून आधी काही उचलले असल्यास ते किमतीतून वजा होईल. ठराव झाला आहे पण विकासक निवडलेला नाही, अशी स्थिती असेल तर आशेपोटी तीन-चार लाखांहून अधिक मोजू नयेत. आणि नुसता देकाराचा कागद असेल तर काहीच देऊ नये. विक्रेत्याला याहून जास्त हवे असेल तर त्याने करारनामा होईपर्यंत थांबावे. त्याला स्वतःला त्या ‘फायनल’वर किती भरवसा आहे, हे त्याच्या उत्तरावरूनच कळेल.

टोकन देण्याआधी विक्रेत्याकडून संस्थेच्या नावे एक अर्ज लिहून घ्या, कारण दप्तराच्या प्रती मागण्याचा अधिकार सदस्याचा आहे, आपला नाही. तो स्वतः अजून तात्पुरता सदस्य असल्याची सबब समितीने पुढे केली, तर त्याचे नाव आधी रीतसर नोंदवून घ्यायला सांगा. अर्जात मागील आठ वर्षांच्या सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते, अभिहस्तांतरणाची किंवा त्यासाठीच्या अर्जाची प्रत, शेवटचा संरचनात्मक अहवाल आणि फ्लॅटचा मंजूर नकाशा, एवढेच मागा. कागद आठवड्याभरात आले तर ते घेऊन एखाद्या वकिलाकडे जा आणि शीर्षक शोध, म्हणजे मालकीहक्काची तपासणी, करून घ्या. आले नाहीत, किंवा ‘कागदांची काय गरज, सगळे आपलेच लोक आहेत’ असे उत्तर आले, तर हमरस्त्यावरच्या त्या दुसऱ्या सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि हेच चार कागद तिथे मागा.